कर्णावर बोलायचंय ना? मग आधी पर्व सांगा!

आमच्याकडे गणपतीत सगळे जमले की जेवणानंतर एक वाद ठरलेला असतो, कर्ण बिचारा की कर्ण बदमाश. काही वर्षांपूर्वी मी त्यात उडी घेतली आणि जोरात ठोकून दिलं की द्रौपदीने भर स्वयंवरात "मी सूताला (म्हणजे सारथ्याच्या मुलाला) वरणार नाही" म्हणून त्याचा अपमान केला, मग पुढे तो चिडणारच ना! मामा, शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेले, सुपारी कातरत होते, मान वर न करता म्हणाले, "कुठल्या पर्वात गं?" मी म्हटलं आदिपर्वात. "कुठल्या प्रतीत?" इथे माझी विकेट पडली, कारण प्रत म्हणजे काय हेच मला धड माहीत नव्हतं, मला वाटायचं महाभारत म्हणजे एकच एक पुस्तक असतं.

तिथून मी जे शिकले ते लिहून ठेवतेय, नवीन लोकांसाठी. जुन्या ग्रंथातल्या माणसाबद्दल काही म्हणायचं असेल तर ते ग्रंथातलंच काहीतरी दाखवून म्हणायचं, एवढीच गोष्ट आहे, पण ती करायला बसलं की कळतं किती ठिकाणी पाय घसरतो. उदाहरण कर्णाचंच घेते, कारण त्याच्याबद्दल प्रत्येक मराठी माणसाचं मत तयार असतं.

सगळ्यात आधी पुस्तक ठरवा

तुमच्या डोक्यातला कर्ण कुठून आलाय ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. बहुतेकांचा 'मृत्युंजय'मधून आलेला असतो, म्हणजे शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या कादंबरीतून, नाहीतर टीव्हीवरून, नाहीतर आजीकडून. यात वाईट काही नाही, पण कादंबरीतल्या कर्णाबद्दल लिहायचं असेल तर पुरावा कादंबरीतला द्या आणि व्यासांच्या कर्णाबद्दल लिहायचं असेल तर महाभारतातला. दोन्हीची भेळ केली की वाचणाऱ्याला तुम्ही कोणाबद्दल बोलताय तेच कळत नाही. एक टेस्ट सांगते. कर्णाची बायको म्हटलं की आपल्या तोंडी लगेच वृषाली येतं. आता उद्योगपर्वात कर्ण स्वतः बोलतो ते वाचा, तो म्हणतो की मी वयात आल्यावर अधिरथाने (म्हणजे त्याला वाढवणाऱ्या सारथ्याने) माझी लग्नं करून दिली. तिथे बायका अनेकवचनात आहेत आणि नाव एकीचंही नाही.

आता महाभारतातही प्रत कुठली, म्हणजे हाताने उतरवलेली नक्कल कुठली, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ला एक प्रचंड काम सुरू झालं, देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ, म्हणजे त्यातला मजकूर, शब्द न् शब्द ताडून बघायचे आणि त्यातून हाती लागू शकेल तितका जुना पाठ ठरवायचा. १,२५९ हस्तलिखितं यासाठी बघितली गेली. १९२५ पासून १९४३ मध्ये जाईपर्यंत विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते, आणि काम पूर्ण झालं १९६६ ला! हीच ती चिकित्सक आवृत्ती. हिच्यात वर मुख्य पाठ असतो आणि खाली बारीक टायपात, कुठल्या प्रतीत काय वेगळं आहे किंवा जास्तीचं आहे ते. लांबलचक जास्तीचे तुकडे मागे परिशिष्टात.

तर माझं ते "सूताला वरणार नाही" वाक्य तिथे मुख्य पाठात नाहीच, काही प्रतींमध्येच सापडतं म्हणून खाली गेलंय. उलट मुख्य पाठात काय आहे बघा, ब्राह्मणवेषातला अर्जुन धनुष्याकडे जायला उठतो तेव्हा आजूबाजूचे ब्राह्मण कुजबुजतात की कर्ण, शल्य यांच्यासारख्या नावाजलेल्या राजांना जे वाकलं नाही ते हा पोरगा काय वाकवणार. म्हणजे इथे कर्णाला कोणी अडवलेलं नाही, त्याला ते जमलेलं नाही. माझ्या अख्ख्या थिअरीचा पायाच गेला.

पण उलट्या टोकालाही जाऊ नका. चिकित्सक आवृत्तीत नाही म्हणजे खोटं, असं म्हणणारे हल्ली खूप झालेत आणि ते जरा जास्तच खुशीत असतात. खाली गेलेला श्लोकसुद्धा कोणीतरी, कधीतरी, काहीतरी वाटलं म्हणून घातलाय, तोही पुरावाच आहे, फक्त नंतरच्या लोकांच्या मनाचा. तुम्हाला "लोकांना कर्ण कसा हवा होता" यावर लिहायचं असेल तर खालच्या तळटीपा म्हणजे खजिनाच.

सामान्य माणसाने वाचायचं काय? संस्कृत येत असेल तर चिकित्सक आवृत्तीचा पाठ इंटरनेटवर फुकट मिळतो, येत नसेल तर बिबेक देबरॉय यांचं दहा खंडांचं इंग्रजी भाषांतर त्याच आवृत्तीवरून केलंय. किसारी मोहन गांगुलींचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतरही नेटवर आहे पण ते आधीच्या प्रचलित पाठावरून आहे, त्यामुळे श्लोक आणि अध्यायांचे नंबर जुळत नाहीत, तासभर शोधाल आणि वैतागाल. प्रचलित पाठ म्हणजे मुख्यतः नीलकंठाच्या टीकेसोबतचा (टीका म्हणजे इथे श्लोकांचं स्पष्टीकरण), सतराव्या शतकातला हा टीकाकार काशीत बसून लिहीत होता पण घराणं मूळचं गोदाकाठच्या कोपरगावचं. असो. काहीही वाचा, पण कुठलं वाचताय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

प्रश्न छोटा करा

"कर्ण चांगला होता का" याला पुरावा देताच येत नाही, कारण एवढ्या मोठ्या ग्रंथात दोन्ही बाजूंना पोतंभर माल आहे. "द्यूतसभेत कर्ण काय बोलला, आणि पुढे तो स्वतः त्याबद्दल काय म्हणतो" हा प्रश्न बघा, याला सुरुवात आहे, शेवट आहे, कुठली पानं उघडायची ते माहीत आहे. निबंध असो, कॉलेजचं प्रोजेक्ट असो की नुसती पोस्ट, प्रश्न एका वाक्यात मावला नाही तर तो अजून तयार नाही असं समजा.

कोण बोलतंय, कोणाला, कशासाठी

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते, त्यामुळे इथे जरा थांबते. ग्रंथात लिहिलंय म्हणजे ते घडलं असं नसतं, कारण ग्रंथात माणसं बोलतात आणि माणसं खोटं बोलतात, वाढवून सांगतात, विसरतात.

मयसभेचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी हसली आणि म्हणाली आंधळ्याचा मुलगा आंधळा. आता सभापर्व उघडा. जिथे कथा सांगणारा हा प्रसंग सांगतो तिथे हसणारे कोण आहेत? नोकरचाकर, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. द्रौपदी त्या यादीत नाही, आणि आंधळ्याचा मुलगा हे वाक्य तर कोणाच्याच तोंडी नाही. युधिष्ठिराच्या हुकमाने त्याला कोरडे कपडे दिले जातात आणि गाडी पुढे जाते.

मग द्रौपदी आली कुठून? थोडं पुढे वाचत जा, दुर्योधन हस्तिनापुरात बापासमोर बसून तीच गोष्ट सांगतोय, आणि त्याच्या सांगण्यात द्रौपदी बायकांबरोबर हसते, शिवाय कृष्णही अर्जुनाबरोबर मोठमोठ्याने हसतो. कृष्ण? अहो, सभापर्वानेच थोडं आधी सांगितलंय की कृष्ण द्वारकेला निघून गेला आणि त्यानंतर दुर्योधन आणि शकुनी तेवढे त्या सभेत राहिले! मी हे पहिल्यांदा ताडून बघितलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी एकटीच हसत बसले होते.

आता यावरून काय म्हणता येतं? दुर्योधन खोटारडा, असं एका फटक्यात लिहू नका. तो हे कोणाला सांगतोय ते बघा, धृतराष्ट्राला. कशासाठी, तर द्यूताला परवानगी हवीय म्हणून, आणि बाप तयार होत नाहीये. त्यामुळे अपमान जितका मोठा तितकं त्याचं काम सोपं. किंवा दुसरी शक्यता, जी मला जास्त पटते, त्याला खरंच तसं आठवतंय. ज्याचा पाणउतारा झालाय त्याला सगळं जग हसताना दिसतं, तिथे नसलेली माणसंसुद्धा. दोन्ही अर्थ लागतात आणि दोन्ही पाठाला धरून आहेत. पण "द्रौपदीमुळे महाभारत झालं" याला हा प्रसंग पुरावा म्हणून चालत नाही, कारण तिच्याविरुद्ध एकच साक्षीदार आहे आणि तो फिर्यादीच आहे.

म्हणून वहीत प्रत्येक उताऱ्यापुढे चार गोष्टी लिहायच्या: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आधी नुकतंच काय झालंय आणि बोलणाऱ्याला काय हवंय. भीष्मांचं बघा ना. युद्धाआधी सगळ्यांसमोर ते कर्णाला अर्धरथी म्हणतात, म्हणजे धड एक रथीसुद्धा नाही. आणि शरपंजरी पडल्यावर, बाकी कोणी नसताना कर्ण भेटायला येतो, तेव्हा सांगतात की तू कुंतीचा मुलगा आहेस हे मला माहीत होतं आणि तुझा तेजोभंग व्हावा म्हणून मी तसं बोलायचो. नुसतं अर्धरथी कोट करून "भीष्मांच्या मते कर्ण कमी दर्जाचा योद्धा" लिहिणाऱ्याने पुढचं पर्व वाचलेलं नसतं हे लगेच समजतं.

शब्दांइतकंच हालचालींकडे बघा

नवीन वाचणारे फक्त डायलॉग गोळा करतात. पण आदिपर्वातला रंगभूमीचा प्रसंग घ्या, कौरव-पांडवांच्या शस्त्रविद्येचं प्रदर्शन चाललंय, कर्ण येऊन अर्जुनाला आव्हान देतो आणि कृपाचार्य त्याला कूळ विचारतात. कर्ण काही बोलत नाही. त्याचा चेहरा लाजेने खाली झुकतो आणि पावसाच्या पाण्याने भिजून गळून आलेल्या कमळासारखा दिसतो, एवढंच. मग दुर्योधन त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो, अभिषेक होतो, आणि तेवढ्यात घामाघूम झालेला, थरथरणारा, काठी टेकत येणारा म्हातारा अधिरथ सारथी आत शिरतो.

कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाने ओलं झालेलं डोकं त्याच्या पायावर ठेवायला वाकतो. अधिरथ काय करतो? गडबडून आपले पाय उपरण्याच्या टोकाने झाकतो. मग "बाळा" म्हणून मिठी मारतो आणि ते ओलं डोकं आपल्या आसवांनी पुन्हा भिजवतो.

हा पाय झाकणारा म्हातारा मला कादंबऱ्यांमधल्या पानभर स्वगतांपेक्षा जास्त सांगतो. मुलगा आत्ताच राजा झालाय, राजाने सारथ्याच्या पाया पडायचं नसतं, हे अधिरथाला कळतंय आणि कर्णाला त्याची पर्वा नाहीये, तेही अख्ख्या दरबारासमोर, ज्या क्षणी कूळ लपवण्यात सगळ्यात जास्त फायदा होता नेमक्या त्या क्षणी. लगेच भीम टोमणा मारतोच की तू आपला चाबूक हातात घे. "कर्णाला आपल्या सूतपणाची लाज वाटत होती" असं कोणी म्हणालं तर लाजेने झुकलेला चेहरा हा त्याच्या बाजूचा पुरावा आणि पायावर ठेवलेलं डोकं हा विरुद्ध बाजूचा, आणि दोन्हींमध्ये मोजकेच श्लोक आहेत. चांगलं विश्लेषण दोन्ही सांगतं.

आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच शोधा

मी कर्णाच्या बाजूची होते (अजूनही आहे थोडी), म्हणून मला हे जड गेलं. द्यूतसभेत विकर्ण, दुर्योधनाचाच भाऊ, उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प कोण करतं? कर्ण. तिथे तो द्रौपदीबद्दल म्हणतो "इयं त्वनेकवशगा बन्धकीति विनिश्चिता", अनेकांच्या ताब्यातली म्हणून ही बंधकीच ठरते, म्हणजे वेश्या. आणि पांडवांची व तिचीही वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणाराही तोच. हे टाळून कर्णावर लिहिता येत नाही. घोषयात्रेत, म्हणजे दुर्योधन वनात गाईगुरं बघायला जातो तेव्हा, गंधर्वांनी रथ मोडल्यावर तो विकर्णाच्या रथावर चढून निघून जातो, हेही वनपर्वात आहे. कवचकुंडलांचं दान तर आपण डोळे पुसत सांगतो, पण सूर्याने आधीच सावध केल्याप्रमाणे कर्ण इंद्राकडून बदल्यात अमोघ शक्ती हे अस्त्र मागून घेतो, आणि सूर्याशी बोलताना मला जिवापेक्षा कीर्ती हवी असं स्पष्ट सांगतो. दान आहेच, पण त्यात हिशोबही आहे आणि नावाची हौसही.

द्रोणांनी त्याला शिकवायला नकार दिला हेही असंच. आदिपर्व म्हणतं राधेय सूतपुत्र द्रोणांकडे शिकायला होता. नकार मिळाला तो ब्रह्मास्त्राला, आणि ते नारद सांगतात शांतिपर्वात, कर्ण मेल्यावर.

मग दुसरी बाजू. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून राज्य देऊ करतो तेव्हाचं कर्णाचं उत्तर (चिकित्सक आवृत्तीत अध्याय १३९) अख्खं वाचा, प्लीज, व्हॉट्सॲपवरचे दोन ओळींचे तुकडे नको. राधेला, म्हणजे मला वाढवणाऱ्या आईला, मला बघून मायेने पान्हा फुटला, तिने माझं हगणंमुतणं काढलं, तिचं पिंडदान मी कसं टाळू, असं तो म्हणतो. हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, नाहीतर तो राज्य घेणार नाही आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन, असंही म्हणतो. आणि मध्येच एक कबुली: धृतराष्ट्राच्या मुलाला खूश करायला मी पांडवांना जे कडू बोललो त्याचा मला आज पश्चात्ताप होतोय.

इथे थांबून मोजा. पश्चात्ताप पांडवांना बोललेल्याचा आहे. द्रौपदीचं नाव त्या वाक्यात नाही. ते त्यात धरायचं का? धरता येईल, पण मग "मी धरतेय" असं लिहा, "कर्णाने द्रौपदीची माफी मागितली" असं लिहू नका.

काळ आणि रीत

संदर्भ म्हणजे निबंधाच्या सुरुवातीला "त्या काळी समाजात विषमता होती" असं एक वाक्य टाकणं नव्हे. संदर्भ पाठातूनच वर येतो. द्रौपदी सभेत विचारते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा प्रश्न आपल्याला आज शाब्दिक चलाखी वाटू शकतो, पण त्यामागे एक नियम आहे की दास झालेल्या माणसाच्या मालकीचं काही उरत नाही, मग तो बायको पणाला कशी लावणार? आणि भीष्म अडखळतात ते दुसऱ्या नियमावर, की बायको नवऱ्याच्या ताब्यात असते. दोन नियम एकमेकांना भिडलेत म्हणून ते म्हणतात धर्म सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. हे कळल्यावर भीष्मांना सूट मिळते असं नाही, पण ते नेमकं कशावर गप्प बसले ते सांगता येतं. आणि हा ग्रंथ काही शतकं वाढत गेलाय, त्यामुळे "महाभारतकाळी सूतांना असं वागवायचे" असं सरसकट वाक्य लिहिताना हात आखडता घ्या. रंगभूमीवर भीम काय म्हणतो ते लिहा, तेवढं पक्कं आहे.

लिहायचं कसं

आधी तुमचं म्हणणं, मग पाठातला छोटा तुकडा, मग त्या तुकड्यातला नेमका कुठला शब्द किंवा कृती तुमचं म्हणणं धरून ठेवते ते. तिसरा भाग लोक विसरतात, श्लोक चिकटवतात आणि पुढे जातात, जणू श्लोक स्वतःच बोलेल. पर्व, अध्याय, श्लोक हे तीन आकडे शेजारी द्या म्हणजे दुसऱ्याला उघडून बघता येईल. इरावती कर्व्यांचे 'युगान्त'मधले लेख एकदा या नजरेने वाचा, त्या चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून लिहीत होत्या. मतं पटोत न पटोत, पण बाई हे कुठून म्हणतायत ते समजत राहतं.

आणि प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलाच पाहिजे असं नाही. द्यूतसभा संपताना द्रौपदी वर मागून नवऱ्यांना सोडवते, तेव्हा एक जण म्हणतो की रूपाने नावाजलेल्या बायकांपैकी कोणी असं काम केल्याचं ऐकलं नाही, पाण्यात बुडणाऱ्या, आधार नसलेल्या पांडवांना ही पांचाली नाव होऊन पार घेऊन गेली. हे बोलणारा कर्ण आहे, थोड्याच वेळापूर्वी तिला बंधकी म्हणणारा कर्ण! भीम ते ऐकून भडकतो, त्याला तो टोमणाच वाटतो, बायकोने वाचवलेले पुरुष. पण शब्द बघितले तर त्यात वाकडं काही नाही. कौतुक म्हणावं तर बोलणारा आडवा येतो, टोमणा म्हणावं तर शब्द आडवे येतात. माझ्या वहीत त्या श्लोकापुढे दोन्ही अर्थ लिहिलेत, मामांनी पेन्सिलीने शेजारी "तिसरा?" असं लिहून ठेवलंय आणि विचारलं तर सांगत नाहीत.